आराखड्यातली चिमणी

फीत ताणून मी भिंतीची जाडी घेतो :
साठ सेंटिमीटर. चिरा, चुना.
शाळा बंद होऊन हे तिसरे वर्ष,
शेवटच्या पटावर चार नावे, त्यांतली दोन सख्ख्या भावांची.
मला फक्त मोजायचे आहे.
पाडायची की राखायची ते पणजीत ठरेल.

दाराच्या दोन्ही अंगांना सोपो,
वाट बघणाऱ्यांनी बसून बसून कडा मऊ केलेले.
खिडक्या चार, शिंपल्यांच्या.
त्यांतून उजेड थेट येत नाही,
ताकाच्या निवळीसारखा झिरपतो.
आणि सुरू होतात त्या सव्वा मीटरवर :
बाकावरच्या पोराला नुसते आभाळ दिसावे,
शेत नको, रस्ता नको, आई नको.

फळ्याशेजारी, पूर्वेच्या भिंतीत,
एकदाही न पेटलेली शेकोटी.

नकाशा कुठल्यातरी थंड गावाचा असणार.
तिथे पोरे ओले मोजे वाळवत असतील.
इथे, केपेंच्या वरच्या या कातळावर, तो भर उन्हात उलगडला,
चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून,
आणि मुकादमाने इनास मेस्ताला वाचून दाखवला :
हे दार, हा फळा, ही चिमणी.
इनास म्हणाला म्हणे,
चिमणीला घर हवे तर वाशात बोटभर फट सोडतो,
तिच्यासाठी तीनशे चिरे कशाला?
पण सरकारी कागदाला उलट विचारायचे नसते.
त्याने बांधली.
वर निमुळती होत गेलेली, माथ्यावर कौलांची टोपी,
छपराशी सांधा असा
की इतक्या पावसाळ्यांत थेंब उतरला नाही.

हे मला सुकांती वेळीप सांगते.
चाव्या तिच्याकडे असतात.
तीस वर्षे तिने इथला केर काढला.
त्याआधी उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

"हांगा यो," म्हणते, आणि मागे नेते,
जिथे माझ्या यादीत मोजण्यासारखे काही नाही.
चिमणीची पाठ भिंतीबाहेर फुगलेली,
तळाशी राख ओढायचे भोक.
लोखंडी झाकण कुणीतरी पहिल्याच वर्षी नेले,
कोयत्याला पाते हवे होते.

ती गुरे राखायची. आठ-नऊ वर्षांची.
दुपारी इथला चिरा गार, म्हणून टेकून बसायची,
आणि कमरेजवळच्या भोकातून येत राहायचे :
दोइश वेझिश दोइश, क्वात्रु.
दोइश वेझिश त्रेश, सैश.
तिला वाटले, पाद्रींची काही आरती असेल.
चाल सोपी होती. गुरांनाही ऐकवायची.

पुढे भाटात पाडप पडले,
नारळांच्या राशी लागल्या, आठा-आठांच्या सात,
आणि आरती आपसूक तोंडात आली.
भाटकाराचा माणूस म्हणाला, पन्नास.
ही म्हणाली, सहा कमी धरलेस.
कोणी शिकवले तुला?
चिमणीने.
तो इतका हसला की
सहा नारळांचे पैसे देऊन गेला.

मी वाकून भोकात डोके घालतो.
वटवाघळांचा वास, जुना गारवा,
खूप वर नखाएवढा उजेड.
उठताना हात लागतो त्या चिऱ्याला :
जमिनीपासून बासष्ट सेंटिमीटरवर एक खोलगट भाग,
एका लहान पाठीएवढा.
हे माप कुठल्या रकान्यात बसेल मला माहीत नाही.
मी तळहातावर लिहून ठेवतो.

आत येतो. एक वर्ग तेवढा उरला आहे.
फितीचे दुसरे टोक ती धरते,
भिंतीला अंगठ्याने दाबून, पक्के.
लांबी सात.
रुंदी सहा.
मी मोबाइल काढेपर्यंत
ती खिडकीतल्या आभाळाकडे बघत म्हणते,
क्वारेंत इ दोइश.

मी बेचाळीस लिहितो.